तानुबाईंचे दोन फोटो

असं समजा, मुलांनो, की तुम्ही नाशिक रोडच्या एका शाळेत, पाचवीच्या वर्गात, दुसऱ्या बाकावर बसला आहात. साल दोन हजार नऊ. समोर खिडकीपाशी खुर्चीत तानुबाई बसल्या आहेत आणि हातात कॅमेरा धरून धनराज सर पुन्हा पुन्हा सांगताहेत, "तानुबाई, हलू नका."

"हलत नाय, सर. श्वास तरी घेऊ का?"

वर्ग खो खो हसला. तुम्हीही हसला असता.

तानुबाई शाळेच्या शिपाईबाई. घंटा त्यांची, पाण्याचा माठ त्यांचा आणि बालवाडीतल्या पोरांची वाहती नाकंही त्यांचीच. मूळच्या पेठकडच्या डोंगरातल्या. आई द्राक्षाच्या बागांवर मजुरीला यायची, तिच्याबरोबर त्या नाशकात आल्या आणि इथल्याच झाल्या. आता शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या. निवृत्त होणाऱ्याचा फोटो सभागृहाच्या भिंतीवर लावायची शाळेची रीत होती. आजवर तिथं गुरुजी आणि बाईच होत्या. शिपायाचा फोटो लागणार तो पहिल्यांदाच. म्हणून तानुबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं होतं.

शाळेनं नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता. जुना डिजिटल अजून चालत होता. सरांनी त्याचाच धडा केला.

"नवं ते चांगलं, असं दुकानदार म्हणतो. आपण दुकानदार नाही," सर म्हणाले. "माणूस तोच, खुर्ची तीच, उजेड तोच. बदलायचा फक्त कॅमेरा. मग बघायचं आणि ठरवायचं."

ही तुलनेची रीत अगदी योग्य. लक्षात ठेवा. कुठे चुकलं ते पुढं येईल.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो छापून आले. सरांनी ते फळ्याशेजारी टाचले. जुन्या कॅमेऱ्यातला फोटो अंधारलेला होता, लुगड्याचा हिरवा रंग शेवाळलेला आणि डोळे लालभडक. नव्यात काठाचा धागान् धागा दिसत होता. मागच्या भिंतीवरचा पाढ्यांचा तक्तासुद्धा वाचता येत होता.

"कोणता चांगला?"

"नवाऽऽ!" सगळे हात वर गेले. सगळ्यात आधी पहिल्या बाकावरच्या निकिताचा.

तेवढ्यात तानुबाई पाण्याची कळशी घेऊन आत आल्या. कळशी खाली ठेवून फोटोपुढं उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहिलं.

"ही बाई कोण?"

पुन्हा हशा पिकला. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं. तिथं गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते आणि कपाळावर एक उभी रेघ. जुन्या फोटोत ते अंधुक का होईना, दिसत होते. नव्या फोटोत हनुवटी कोरी होती. रेघेच्या जागी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी सावली.

सरांनी कॅमेरा उलटासुलटा केला, बटणं दाबली. "अरेच्चा! चेहरा नितळ करायची सोय असते यात, ती चालू राहिली. त्याला वाटलं, डाग आहेत."

"डाग?" तानुबाई म्हणाल्या. "माज्या आयनं मांडीवर धरून गोंदून घेतलंय हे. त्याला तुमचं मशीन डाग म्हनतं?"

"मावशी, दुखलं होतं का?" निकितानं विचारलं.

"लय दुखलं. मी आयच्या हाताला चावले. ती म्हनली, चाव, पन हलू नको. मेल्यावर सोनंनानं, लुगडं, समदं हितंच ऱ्हातं. गोंदन तेवढं संगं येतं." त्यांनी पुन्हा ठिपक्यांना बोट लावलं. "आय गेली तवा मी लहान व्हते. आता म्हातारी झाले. वर गेल्यावर तिनं मला वळखायचं कशावरनं?"

सविताबाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारातून ऐकत होत्या. त्या आत आल्या.

"तानुबाई, अहो किती छान आलाय! दहा वर्षांनी तरुण दिसताय."

"ती दहा वर्सं माजीच ना, बाई? मग कुनाला इचारून काढली?"

"फ्रेमला दिलीय मी त्याची मोठी प्रत. आणि जुन्यात डोळे बघा, भुतासारखे लाल."

"भूत तर भूत. माजंच हाय. तेच लावा."

"पाहुणे काय म्हणतील? भिंतीची शोभा असते काही."

सरांनी तोंड उघडलं. "बाई, ती सोय बंद करून पुन्हा एक..."

"उद्या कार्यक्रम आहे, सर," सविताबाई म्हणाल्या आणि सरांनी तोंड मिटलं. सर वाईट नव्हते. पण मोठ्या बाईंपुढं त्यांचा आवाज नेहमीच खाली बसायचा.

निकिता मात्र फळ्याशेजारचा जुना फोटो पाहत राहिली. तुलना करताना सगळ्यांनी काठ पाहिला, तक्ता पाहिला. जिचा फोटो होता, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शनिवारी सभागृह भरलं. पाहुणे आले, शाल आली, नारळ आला. भिंतीवर गुरुजींच्या रांगेत ती नितळ, उजळ बाई झळकत होती. तानुबाई खाली, बालवाडीच्या पोरांत सतरंजीवर बसल्या होत्या. एक पोर त्यांच्या मांडीवर पेंगत होतं.

"आता आपल्या लाडक्या तानुबाईंनी व्यासपीठावर यावं," सविताबाई माइकवरून म्हणाल्या.

तानुबाई उठल्या नाहीत.

"तानुबाई, या ना!"

"मी कशाला?" त्यांनी भिंतीकडं हात केला. "तुमच्या तानुबाई त्या वर बसल्यात. घाला त्यांना शाल."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. पाहुण्यांच्या हातातली शाल तशीच राहिली. सविताबाईंचा चेहरा उतरला. तानुबाईंना त्यांचं वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्यांचा शब्द खाली पडू दिला नाही, त्यांना भरसभेत नाही म्हणायचं म्हणजे सोपं नसतं. तरी त्या बसूनच राहिल्या. पेंगणाऱ्या पोराच्या डोक्यावर हात फिरवत राहिल्या.

मग निकिता उठली. धावत वर्गात गेली आणि जुना फोटो काढून घेऊन आली. एक बाक ओढत भिंतीपाशी नेला. बाकाचा करकर आवाज साऱ्या सभागृहानं ऐकला. ती वर चढली आणि तिनं फ्रेम फिरवून भिंतीकडे तोंड करून टांगली. मग पाठ भिंतीला लावली आणि तो अंधारलेला, लाल डोळ्यांचा, तीन ठिपक्यांचा फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"निकिता, खाली उतर," सविताबाई म्हणाल्या.

तानुबाईंनी पोराला अलगद सतरंजीवर निजवलं, लुगडं झटकलं आणि त्या व्यासपीठाकडं चालू लागल्या.

"निकिता, उतर म्हणते ना!"

निकितानं फोटो आणखी थोडा वर धरला.