फाटकातली ओली गादी

मी गोठ्याच्या फाटकातली गादी बोलतेय. बसायची नव्हे, झोपायची तर मुळीच नव्हे. मी पाय बुडवायची गादी. वर काळं रबर, आत स्पंज आणि पोटात नाकाला झोंबणारं जंतुनाशक औषध. माझ्यावर पाय दिल्याशिवाय गिझेलाच्या चौसष्ट गायींपर्यंत कुणी पोचत नाही.

मी आले तेव्हा हंगेरीतल्या या नदीकाठच्या गावात माझ्यासारखी दुसरी नव्हती. लोक हसले. दुधाचा टँकरवाला म्हणाला, "बाई, हा गोठा आहे की दवाखाना?"

"दवाखाना होऊ नये म्हणूनच आहे," गिझेला म्हणाली. "आधी ब्रशनं चिखल काढा, मग पाय बुडवा. चिखलातून औषध आत शिरत नाही."

तो ब्रश घ्यायला वाकला.

बाई भारी हट्टी. पाऊस पडून माझ्यातलं औषध पातळ झालं, की लगेच मला उलटी करून पिळणार आणि नवं भरणार. नवी गाय आणली की तीन आठवडे वेगळ्या छपरात. गोठ्यातले बूट गोठ्यातच. मला माणसं पायांवरून कळतात. कुणी नुसती टाच टेकवतं, कुणी माझ्याकडे बघून नाक मुरडतं. गिझेला मात्र स्वतःच्याच गोठ्यात दिवसातून दहा वेळा गेली, तरी दहाही वेळा दोन्ही पाय बुडवते. मला तिचा फार अभिमान वाटतो, उगाच कशाला लपवू?

मग एका वसंतात पलीकडच्या तालुक्यात लाळ्या-खुरकूत आला, बुटांच्या चिखलातूनही पसरणारा गुरांचा रोग. एका जनावराला तो झाला, की अख्खा कळप मारून पुरायचा, असा इथला कायदा. गिझेलाची झोप उडाली.

आणि तेवढ्यात ईस्टरचा सोमवार उजाडला. त्या दिवशी पुरुषांनी नटूनथटून घरोघरी जायचं आणि बायकांवर अत्तर शिंपडायचं. जिच्यावर शिंपडलं नाही ती वाळते म्हणतात. बदल्यात लाल रंगवलेलं अंडं मिळतं. गिझेलाचा थोरला भाऊ वेंडेल दरवर्षी न चुकता यायचा. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या नऊ गायी होत्या.

"उघड गं, गिझी! वाळायच्या आत शिंपडू दे."

"आधी ब्रश घे दादा, मग गादीवर ये," फाटक उघडत गिझेला म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. पायात वडिलांचे उंच चामडी बूट होते, तोंड दिसेल इतके चकचकीत. "या बुटांनी? तुझं ते औषध चामडं खाऊन टाकील!" असं म्हणून त्यानं माझ्यावरून लांब ढांग टाकायला पाय उचलला.

गिझेलानं फाटक धाडकन लावलं. "कुठनं आलास?"

"कुठनं म्हणजे? चार घरं झाली सकाळपासनं. जिगमोंडच्या पोरींना शिंपडलं, त्याची वासरं बघितली."

"मग आज परत जा. आणि तुझ्या गोठ्यात शिरायच्या आधी बूट धू."

"सख्ख्या भावाला दारातनं हाकलतेस? आई असती तर काय म्हणाली असती?"

"आई असती तर तिलाही पाय बुडवायला लावले असते."

त्यानं बाटलीतलं अत्तर रस्त्यावर ओतलं आणि तरातरा निघून गेला. त्याच्यासाठी रंगवलेलं लाल अंडं गिझेलाच्या हातातच राहिलं.

आठवड्याभरात जिगमोंडच्या वासरांच्या तोंडाला फेस आला. मग वेंडेलची रिश्का गाय चारा खाईना. ते त्याच्या बुटांनी नेलं की वाऱ्यानं, कुणाला सांगता आलं नाही, मीही सांगत नाही. नऊच्या नऊ गायी गेल्या.

काही दिवसांनी तो आला. पण फाटकाशी नाही. वीस पावलं दूर, रस्त्यावरच थांबला.

"तिथंच थांब, दादा!" गिझेला रडतच ओरडली.

"थांबलोय गं. येत नाही पुढं." मग त्याचाही बांध फुटला. "रिश्का माझ्याकडंच बघत होती, गिझी."

गिझेला माझ्यावर उभी होती. भावाला पोटाशी धरायला तिचा जीव तुटत होता. पण माझ्या कडेपलीकडे तिचं पाऊल पडलं नाही. एवढ्या मायेची आणि एवढ्या निश्चयाची बाई मी दुसरी पाहिली नाही. तिच्या चौसष्ट गायी वाचल्या.

पुढच्या ईस्टरला वेंडेल आला, तेच बूट घालून. त्यानं ब्रश घेतला, तळवे घासले आणि दोन्ही पाय माझ्यावर रोवून उभा राहिला. चामड्यावर पांढरे डाग उमटायला लागले.

"पुरे रे दादा, बूट गेले."

"जाऊ देत." त्यानं बाटलीचं बूच काढलं. "डोकं वाकव. गेल्या वर्षीचंही राहिलंय."

तिनं डोकं वाकवलं. दोघंही रडत होती, हसतही होती. थोडं अत्तर माझ्यावरही सांडलं. औषधाच्या वासापुढे ते काय टिकणार म्हणा.

आता माझा स्पंज झिजलाय, एक कोपरा वासरानं चघळलाय. लवकरच नवी गादी येईल. तुम्ही कुणाच्या गोठ्यावर गेलात, तर तिच्यावरून ढांग टाकू नका, एवढंच मागणं आहे. आमच्या फाटकात तर तशी सोयच नाही. कुणी पाय उचलला, की गिझेलाच्या आधी वेंडेल ओरडतो आणि आपले डागाळलेले बूट पुढे करून दाखवतो.