साखर गेली, असं मुंग्यांनी सांगितलं

भवानी पेठेतल्या आमच्या बोळात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. अक्कम्माच्या अंगणात दोन द्रोण मांडले होते. दोन्हींत तिच्या बाळंतीण सुनेची, शिवलीलाची, लघवी. एक अंगारा घेण्याआधीची, दुसरी नंतरची. पहिल्या द्रोणाला मुंग्यांची रांग लागली होती. दुसऱ्याच्या कडेशी येऊन मुंग्या मागे फिरत होत्या.

"डाक्टरची मशीन बिघडंल, मुंगी खोटं बोलत न्हाय," अंगारा देणारी, स्वतःला मुंगीमाता म्हणवणारी काशम्मा म्हणाली. "पोरीची साखर गेली. आता ती सुई घरात ठिवली तर माता कोपंल."

लोकांनी हात जोडले.

शिवलीलाला मधुमेह लग्नाआधीपासूनचा. गरोदरपणात इन्सुलिन चोख चाललं. पण बाळ घरी आलं आणि घरानं दवाखान्याकडे पाठ फिरवली. आता अंगारा सुरू झाल्यापासून सुईही बंद होती. भिंतीला टेकून ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, तरी ओठ कोरडेच.

माझी जाऊ शरणम्मा बाळंतपणानंतर अशीच पाणी पाणी करत वारली. तेव्हा गिरणीच्या भोंग्यानं पेठ जागी व्हायची, ओवा-शेपाच्या धुरीचा वास बोळभर पसरायचा. ते दिवस अजून हवेसे वाटतात. तिची ती बाळंतिणीची अंधारी खोली मात्र नाही.

शिवलीला तपासणीला आली नाही म्हणून आरोग्य केंद्राच्या डॉक्टर प्रियदर्शनी तिला शोधत आल्या. तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन त्यांनी आकडा पाहिला. "हिला आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. बेशुद्ध पडेल."

अक्कम्मा अंगणाच्या दारात आडवी आली. "मुंग्या बघा की बाई. त्यास्नी काय कुणी शिकवून आणलंय?"

शिवलीलाची मान कलली. मी आत जाऊन डब्यातला डिंकाचा लाडू आणला, दोन्ही द्रोण जमिनीवर रिकामे केले.

"द्रोणाला हात लावू नगा," काशम्मा ओरडली.

"का ग? मुंगी खोटं बोलत न्हाय की." मी लाडू मोडून अर्धा अर्धा दोन्हींत ठेवला.

"अज्जी, मुंग्यांना लाडू आणि आमाला नुसता वास व्हय?" शेजारचा गुरुबसप्पा म्हणाला. पण कुणी हसलं नाही. सगळे वाकून बघत होते.

पहिल्या द्रोणातला लाडू मुंग्यांनी काळा झाला. दुसऱ्या द्रोणाच्या कडेवरून मुंग्या परत फिरल्या.

"काय माते," गुरुबसप्पा म्हणाला, "गुळाच्या लाडवाची बी साखर गेली?"

डॉक्टरांनी त्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याभोवती आपण मुंग्यांच्या खडूची रेघ ओढतो, तीच ती. काशम्माच्या झोळीतून झिजलेला खडूही निघाला.

अक्कम्मा दारातून बाजूला झाली. बाळ छातीशी धरलं आणि विचारलं, "रिक्षा कुटं हाय?"

शिवलीला वाचली. थोडा उशीर झाला असता तर हे लिहायला माझा हात उचलला नसता.

बायांनो, अंगारा देणाऱ्याला पुरावा मागा, आणि पुरावा दाखवला तर तोही तपासून घ्या. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड ही दुखणी नाळेबरोबर कापली जात नाहीत. बाळाची लस कधी, हे सगळ्या घराला पाठ असतं. आईची तपासणी कधी, हे विचारा. आरोग्य केंद्र एकच आहे, वाटही एकच. बाळाला लशीला न्याल तेव्हा त्याच्या आईलाही तपासून आणा.