दुखलं तर डावा हात वर करा

दातांच्या डॉक्टरांशी कुणी वाद घालू शकत नाही. ज्याला घालायचा असतो त्याचं तोंड उघडं असतं आणि त्यात डॉक्टरांचाच हात असतो. आपल्या या डॉक्टरांनी या सोयीचा उभ्या आयुष्यात पुरेपूर फायदा उठवला होता. दाढ कोरता कोरता ते जुन्या संगीतावर बोलत. घरी तीन कपाटं भरून रेकॉर्ड होत्या, आणि त्या कपाटांनंतर जगात जे जे गायलं गेलं ते सगळं त्यांच्या लेखी कचऱ्यात जमा होतं. खुर्चीतला पेशंट कळवळून "आं" म्हणाला, की डॉक्टर तो होकार धरत आणि पुढच्या मुद्द्याकडे वळत.

असा हा कट्टर माणूस साठी उलटल्यावर एका सकाळी फितूर झाला.

झालं असं, की त्यांची मुलगी ऑफिसला निघायच्या गडबडीत फोनवर गाणं लावून केस विंचरत होती. "बंद कर ती कटकट" असं सांगायला डॉक्टर दात घासत घासतच तिच्या दारात गेले आणि तिथेच खिळले. गाणं संपलं तरी ब्रश तोंडातच.

"पुन्हा लाव," ते फेसातून म्हणाले.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"लाव म्हणतो ना!"

गाण्याचं नाव 'शेवटचा मजला' आणि बँडचं नाव 'लिफ्ट बंद आहे'. चार पोरं, त्यातला गाणारा इतका किडकिडीत की चाहते त्याला सुतळी म्हणत. "शेवटच्या मजल्यावर शांतता असते" अशी ओळ यायची, आणि तिच्या प्रत्येक श-वर एक बारीक शीळ वाजायची. ती जरा चुकल्यासारखी, जरा लाजल्यासारखी असे, आणि ऐकणाऱ्याच्या थेट काळजात घुसे. डॉक्टरांना आपल्या रेकॉर्डवरचा ओरखडान् ओरखडा पाठ होता. कुठल्या तानेनंतर कोण खोकतं, हेसुद्धा माहीत होतं. इथे मात्र पुढे काय येणार याचा पत्ता नव्हता, आणि कितीतरी वर्षांनी पत्ता नसल्याचा त्यांना आनंद झाला. खराखुरा, पोटातून आलेला आनंद.

तो त्यांनी स्वतःपुरता ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. पण डॉक्टरांचा स्वभाव तसा नव्हता. त्यांनी पंधरवड्यात बँडची सगळी गाणी पाठ केली, दवाखान्यात मोठा स्पीकर बसवला आणि जुन्या व्याख्यानाच्या जागी नवं सुरू केलं. "ही शीळ आहे ना, ती मशीनवर काढतात," ते पेशंटची जीभ बाजूला सारून सांगत. "बाहेरून मागवलंय मशीन. साध्या गळ्यातून निघणारच नाही." हाताखालच्या सिस्टरनं कापसाच्या दोन गुंडाळ्या पेशंटच्या गालात आणि दोन आपल्या कानात घालायला सुरुवात केली. खाली रस्त्यात भेटेल त्याला डॉक्टर उत्साहानं विचारत, "लिफ्ट बंद आहे, माहितीये ना?" आणि गुडघेदुखीची म्हातारी माणसं निमूटपणे जिन्यानं चढून वर येत.

घरात वेगळीच पंचाईत झाली. मुलीनं तो बँड फोनमधून काढून टाकला.

"का गं? एवढा छान आहे!"

"होता. मग तुम्हाला आवडला."

"म्हणजे आम्हाला आवडूच नये काही?"

"आवडू दे ना. पण तुम्हाला आवडलं की दुसऱ्याला काही बोलायला जागाच राहत नाही. ते गाणं मी शोधलं होतं, बाबा. आता तुम्हीच मला ते समजावून सांगता. कधीतरी समोरच्याचं ऐकून बघा."

डॉक्टरांना हे लागलं. पण ते मनावर घेण्याऐवजी त्यांनी शहरात होणाऱ्या बँडच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली. शीळ वाजली की सगळं पब्लिक डावा हात वर करतं, हे त्यांनी व्हिडिओ बघून हेरलं होतं आणि बेसिनच्या आरशासमोर त्याचा सराव चालवला होता. बाप आणि लेक शेजारी उभे, दोघांचे हात वर. मग ती कशाला रुसून राहील? त्यांना तेवढंच हवं होतं, आणि तिकिटापेक्षा सोपा उपाय त्यांना सुचत नव्हता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी दवाखान्याचं दार उघडलं आणि गाल सुजलेला एक किडकिडीत पोरगा आत आला. डॉक्टरांच्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला. दस्तुरखुद्द सुतळी!

"काका, दाढ ठणकतेय," तो गालावर हात धरून म्हणाला. "उद्या गायचंय. तेवढं काहीतरी—"

'काका' जरा बोचलं, पण डॉक्टरांनी ते गिळलं. त्याला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, स्पीकर लावला. भुलीची सुई टोचून ते नेहमीचं वाक्य म्हणाले, "दुखलं तर डावा हात वर कर." हे वाक्य दातांचे डॉक्टर दिवसभर म्हणत असतात, आपण श्वास घेतो तसं.

दाढेचं काम चोख झालं. इतकी कीड इतक्या हळुवारपणे त्यांनी क्वचितच काढली असेल. तेवढा वेळ ते मशीनबद्दल, ठेक्याबद्दल, बँडनं पुढे काय करायला हवं याबद्दल बोलत होते आणि पोरगा छताकडे बघत होता. मग दिवा जरा सरकला आणि पुढच्या दोन दातांमधली फट त्यांना दिसली.

आता फट म्हटली की दातांच्या डॉक्टराचे हात शिवशिवतात. त्यात हा लाडका कलाकार, उद्या एवढ्या लोकांसमोर उभा राहणार आणि दातात ही अशी खिंड! डॉक्टरांचं मन भरून आलं. "ही माझ्याकडून भेट," ते म्हणाले आणि सिस्टरकडे हात पुढे केला. सिस्टरनं हातात सामान ठेवलं. दाताच्या रंगाचा मसाला थोडाथोडा चढवायचा, निळ्या दिव्यानं पक्का करायचा, घासून चकचकीत करायचा.

पोरानं डावा हात वर केला.

नेमकी त्याच वेळी स्पीकरवर शीळ वाजली. डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. स्वतः सुतळी, त्यांच्या खुर्चीत, त्यांच्यासोबत ताल धरतोय! त्यांनीही आपला डावा हात उंच केला आणि उजव्यानं काम चालू ठेवलं. पोरानं पुन्हा हात वर केला, या वेळी हलवलासुद्धा. डॉक्टरांनीही हलवला. "सर," सिस्टर कानातला कापूस काढत म्हणाली, "त्याला काही—" पण डॉक्टर गाण्यात होते.

उठताना पोराचा अर्धा ओठ लोंबत होता आणि जीभ जड झाली होती. तो काहीतरी पुटपुटला. डॉक्टरांनी त्याला मिठी मारली आणि जिन्यापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर काळा टी-शर्ट घालून निघाले. त्यावर 'लिफ्ट बंद आहे' लिहिलं होतं आणि त्याला इस्त्रीची घडी होती. मुलगी आली होती. जरा अंतर ठेवून उभी राहीन, या अटीवर. हॉल गच्च भरला होता. दिवे गेले, ठेका सुरू झाला, सुतळी माइकसमोर आला. "शेवटच्या मजल्यावर शांतता असते," तो गायला.

शीळ वाजली नाही.

शब्द स्वच्छ आले, बातम्या देणाऱ्यासारखे. शेकडो डावे हात अर्धवट उचलले गेले होते. ते तसेच थबकले आणि एकेक करून खाली आले. पुढच्या ओळीलाही तेच. सुतळी एकदा चाचरला आणि मग खाली बघून गात राहिला.

"साउंडवाल्यानं घाण केली," मागून कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरांचा हात मात्र अजून वरच होता. श म्हणताना हवा कुठून जाते? पुढच्या दातांमधून. कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवतात. गावभर मशीन, मशीन करत ते हिंडले होते, आणि शंभर पावलांवरून ओळखावी अशी गोष्ट नाकासमोर, दिव्याखाली, आ वासून पडली असताना त्यांना ओळखू आली नव्हती. तिच्यावर त्यांनी मसाला लिंपला होता. आणि तो हात! तो ताल नव्हता. त्यांना एकदम इतकी लाज वाटली, की वर राहिलेला हात त्यांनी झटकन खाली ओढला.

कुणाला काहीच कळलं नसतं. साउंडवाला शिव्या खायला उभाच होता. मध्यंतरात मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "आज काहीतरी गेलंय त्याचं. तुम्हालाही वाटलं का?"

"मी घालवलं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, हात हलवल्यासकट. ती रिकाम्या स्टेजकडे बघत राहिली. डॉक्टरांनी पुढे काही भर घातली नाही, हे त्यांच्या दृष्टीनं अवघडच होतं.

"चला," शेवटी ती म्हणाली आणि त्यांच्या घडीदार बाहीला धरून त्यांना स्टेजच्या मागे घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी खुर्चीत होता. स्पीकर बंद होता, त्याची वायरसुद्धा काढून ठेवलेली. सिस्टरचे कान मोकळे होते आणि एवढी शांतता तिला सहन होत नव्हती. मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"दुखलं तर डावा हात वर कर," डॉक्टर म्हणाले, आणि या वेळी शब्द जपून म्हणाले.

आपल्याच हातचं इतकं सुबक काम घासून काढणं सोपं नसतं. मूळ दाताला ओरखडा न जाऊ देता, कणाकणानं, ते फट पुन्हा मोकळी करत होते. तोंडून एक शब्द नाही. काम निम्म्यावर आलं आणि पोराचा डावा हात वर गेला.

डॉक्टर जागच्या जागी थांबले. ड्रिल बंद केलं, आरसा काढला, नळी काढली, कापूस काढला, मास्कसुद्धा खाली ओढला आणि दोन्ही हात मागे घेतले.

"काय झालं? बोल."

सुतळीनं जीभ दातांवरून फिरवली.

"काही नाही, काका," तो म्हणाला. "थांबता का, ते बघत होतो."

'बघत होतो' नीट यायच्या आधीच कोपऱ्यातून मुलीचं हसू फुटलं. डॉक्टरांनी मास्क वर चढवला आणि पुढच्या वेळी हात वर जातो का, याकडे डोळे लावून काम पुन्हा सुरू केलं.