ओळख पटण्यापुरती

नणंदेने फोनवर तळहात दाबला आणि भुवया उडवून विचारलं, पुढे काय सांगू?

वहिनीने तोंड उघडलं नाही. रोपांचे भाव लिहायच्या फळ्यावर, टोमॅटोच्या खाली, तिने खडूने लिहिलं : कंपनीला माहीत होतं. नणंदेने ते फोनवर वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचावा तसं एका सुरात. फोन स्पीकरवर होता, पलीकडचं दोघींना ऐकू येत होतं.

वहिनीला बोलायची चोरी होती. जाहिरातींना आवाज देणं हा तिचा धंदा. रेडिओ लावा, टीव्ही लावा, तीच बोलत असायची. जाहिरातींच्या तक्रार कार्यालयात आलेला प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा आणि खुलाशासाठी कंपनीकडे जायचा. नाव लपवता आलं असतं, आवाज कुठे लपवणार? एकदा तो ओळखला गेला की जाहिरातवाले तिला दारातही उभं करणार नव्हते, आणि दुसरं काही तिला येत नव्हतं. बोलणाऱ्याची बोरं विकतात, आमच्या वहिनीने तर पेले विकले, अशी नणंद पूर्वी थट्टा करायची.

हे पेले रोपांचे. हिरवेगार, रोपासकट जमिनीत लावायचे, आपोआप विरून माती होतात म्हणून सांगितलेले. जाहिरात वहिनीची, म्हणून नणंदेने आपल्या रोपवाटिकेत दुसरे पेले ठेवलेच नाहीत. हंगाम उलटला तशी गिऱ्हाइकं वाळलेली रोपं हातात घेऊन भांडायला येऊ लागली. उकरून पाहावं तर पेला जसाच्या तसा, आणि आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांना आवळून बसलेली. आता रोपवाटिकेकडे कुणी फिरकत नव्हतं. नणंदेने वहिनीला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि वहिनीचा जीव त्यानेच जास्त तुटत होता.

फोनवरचा कारकून भला माणूस होता. रोपं काय, पाणी कमीजास्त झालं तरी मरतात, तो समजावून सांगत होता. पेला वाईट निघाला तर नुसती ताकीद मिळते. कंपनीने आणि जाहिरातवाल्यांनी जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल, तरच जाहिरात बंद करता येते.

"त्यांना माहीत होतं, हे तुम्ही स्वतः ऐकलंत?"

हो म्हणा, म्हणून वहिनीने जोरजोरात मान हलवली. पण नणंदेला जन्मात कधी खोटं बोलता आलं नव्हतं.

"मी नाही. माझ्या वहिनीने."

"मग वहिनींना द्या."

"ती बोलू शकत नाही."

"आजारी आहेत का?"

"नाही हो. बोलते तशी चांगली."

ऐकीव गोष्ट लिहून घेता येत नाही, तक्रार इथेच बंद करतो, असं कारकून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटल्याचं आवाजावरून कळत होतं. वहिनीने फोन हिसकावून घेतला.

"मी ऐकलंय," ती म्हणाली, आणि मग तिला थांबता येईना. रेकॉर्डिंगच्या खोलीत ती काचेच्या आत होती, साहेब लोक बाहेर, आणि त्यांच्या बाजूचा माइक चुकून चालू राहिला होता. जाहिरातवाल्याने विचारलं, हा खरंच विरतो का? कंपनीचा माणूस म्हणाला, नुसत्या मातीत कुठला विरतोय, त्याला भट्टी लागते. पण पुरलेलं कोण उकरून बघतंय? दोघं हसले आणि त्यांनी काचेतून तिला खूण केली, करा सुरू. तिने केलं. हे सांगताना तिचा आवाज फाटला, शब्द अडखळले, नाक वाहायला लागलं.

कारकून अवघडून बोलला. "राग मानू नका, बाई. जाहिरातीतला तो आवाज आमच्या घरी लहानथोरांना पाठ आहे. हा तो वाटत नाही. कंपनी म्हणेल, कुणीतरी भलतीच बाई आहे."

वहिनी फोन तसाच धरून बसली. अजून तिला कुणी ओळखलं नव्हतं.

"ठेव तो फोन," नणंद हळूच म्हणाली. "तुझं पोट आहे त्याच्यावर. मी करीन दुसरं काहीतरी."

पलीकडून कारकून म्हणाला, "असं करा, ती जाहिरातीतली ओळ एकदा म्हणा. ओळख पटण्यापुरती."

वहिनीने बाहीला नाक पुसलं. दोन घोट पाणी प्यायली, पाठ ताठ केली, आणि डोळे मिटून अगदी मायेने म्हणाली,

"लावा आणि विसरा. बाकीचं माती बघून घेईल."

"पटली," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "आता नाव नाही सांगितलंत तरी चालेल."