पिवळ्यांच्या गॅलरीत एक निळी

आमच्या संघाला जिंकताना मी कधी पाहिलेलंच नव्हतं. संघ जिंकत नव्हता असं नाही, चांगला जिंकायचा. फक्त मी नसताना जिंकायचा.

संघ म्हणजे आमच्या गावच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा, निळ्या कपड्यांतला. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते आणि मला सुट्टी असते मंगळवारी. मंगळवारी आमच्या गावचा हॉल बॅडमिंटनवाल्यांना दिलेला असतो, त्यामुळे त्या दिवशीच्या मॅचेस सगळ्या बाहेरगावी. बाहेरगावी म्हणजे समोरच्यांच्या अंगणात, त्यांच्याच माणसांच्या गोंगाटात. तिथे हरायला वेगळं काही करावं लागत नाही. पण हा हिशेब डोक्यात शिरायला डोकं थोडं थंड असावं लागतं, आणि हरून परतणाऱ्या बसमध्ये थंड डोकं एकाचंही नसतं.

मला मात्र ते हॉल बघायलाच आवडायचे. एका गावचा हॉल पोहण्याच्या तलावाला चिकटून होता. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि पहिला सेट नुसता ऐकावा लागायचा. एका ठिकाणी छत गळत होतं म्हणून बादल्या मांडल्या होत्या, आणि आमच्या संघाच्या कॅप्टनीणबाईंचा स्मॅश नेमका बादलीत गेला. एक हॉल मासळीबाजाराच्या वरच्या मजल्यावर होता, तिथली मांजरं तिकीट न काढता पहिल्या रांगेत बसायची. सगळीकडे मी ओरडले. सगळीकडे आम्ही हरलो.

बरोबर असायची माझी नणंद. पार्सल ऑफिसात वजनकाट्यावर बसते, त्यामुळे तिला वाटतं जगात सगळ्याचं वजन फक्त तिलाच कळतं. मी तिला चिडवायला 'वन्सं' म्हणते. ती घरच्या मॅचेसनाही जायची, तिने विजय पोत्याने पाहिले होते.

"वहिनी, काल तू हवी होतीस," असं म्हणायची आणि लगेच जीभ चावायची. "म्हणजे... नव्हतीस तेच बरं झालं म्हणा."

घरच्यांनी म्हटलेलं चालून जातं. पण हळूहळू बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. मी चढले की मागून कोणीतरी "आल्या" म्हणायचं आणि सगळी बस एकदम खिडकीबाहेर बघायला लागायची. पांढऱ्या पायाची, असं तोंडावर कोणी म्हणालं नाही. माणसं सभ्य होती. नुसती माझ्या पायांकडे बघायची.

त्या वर्षी आमच्या मुली अंतिम सामन्यात पोचल्या. सामना पिवळ्या कपड्यांतल्या संघाशी, मोठ्या शहरातल्या मोठ्या स्टेडियममध्ये, तोही रविवारी दुपारी. मालकाकडून मी महिनाभर आधीच रजा मागून घेतली होती. इतकी आधी की मालक म्हणाले, "अहो, अजून उपांत्य फेरी व्हायचीय." मी म्हटलं, "उपांत्यला मी जाणार नाहीये ना, म्हणजे जिंकतीलच." विनोद केला होता. मालक हसले नाहीत, मान डोलावली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सामन्याच्या आठवड्यात कॅप्टन दुकानात आले. कॅप्टन म्हणजे आमच्या पाठीराख्यांचे पुढारी, निवृत्त बसड्रायव्हर. ढोल त्यांचा, घोषणा त्यांच्या, कोण कुठे बसणार हेही तेच ठरवणार. नणंद जेवणाचा डबा घेऊन माझ्याकडे आली होती, तिच्यासमोरच त्यांनी एकेक फ्रेम नाकावर चढवून बघायला सुरुवात केली.

"कॅप्टन, तुमची नजर तर उत्तम आहे," मी म्हटलं.

"आहे ना. म्हणूनच..." त्यांनी लाल रंगाची बायकी फ्रेम काढून ठेवली. "ताई, एक विनंती होती."

"विनंती की तक्रार?"

"छे छे. तुमच्या निष्ठेबद्दल प्रश्नच नाही. तुमच्याइतकं तर माझा ढोलही ओरडत नाही. पण पोरींनी वर्षभर घाम गाळलाय हो. या एका मॅचला तुम्ही जर घरी... म्हणजे टीव्हीवर दाखवणार आहेत. स्पष्ट दिसतं."

माझ्या हातातली काच मशीनवर करकरली. नणंदेने डब्याचं झाकण आपटलं.

"घरी कशाला? एवढीच खात्री आहे तर आमच्या वहिनीला त्या पिवळ्यांच्या गॅलरीत बसवा की! करू दे त्यांचं वाटोळं!"

तिने टोमणा मारला होता. पण कॅप्टनच्या डोळ्यांत असा काही उजेड पडला की जणू नवीन नंबरचा चष्मा लागला.

"हे बरं सुचलं," ते म्हणाले. "हे फारच बरं सुचलं."

दुसऱ्या दिवशी पिवळ्यांच्या बाजूचं तिकीट आलं, सोबत कोरा करकरीत पिवळा स्कार्फ. नणंद रडकुंडीला आली. "वहिनी, फेकून दे ते. मी त्या म्हाताऱ्याला त्याच्याच ढोलात कोंबते." आमचे हे म्हणाले, "जाऊच नकोस. मान नाही तिथे कशाला?" दोघांचंही बरोबर होतं. पण मी तिकीट ठेवून घेतलं. एक तर मॅच मला बघायचीच होती, पिवळ्यांत बसून का होईना. आणि दुसरं म्हणजे, कोणाला सांगू नका, इतक्या लोकांना एकच गोष्ट वाटत असेल तर ती आपल्यालाही थोडी थोडी वाटायला लागते.

स्टेडियम केवढं! आत जायला चढण होती, जिने नव्हते. दारावरच्या बाईने पाण्याच्या बाटलीचं बूच काढून घेतलं आणि बाटली परत दिली. उघडी बाटली सांभाळत मी चढत गेले, आणि एका वळणावर अंधार संपून खाली केशरी कोर्ट लख्खकन दिसलं. पाय तिथेच थबकले. मागचे लोक म्हणाले, "ओ बाई, चला!"

माझी जागा कोर्टाच्या एका टोकाला, अगदी खालच्या रांगेत होती. सगळीकडे पिवळं. आमचे लोक दूर, दुसऱ्या टोकाला, निळ्या डागासारखे दिसत होते. शेजारी एक ऐसपैस बाई संत्रं सोलत बसल्या होत्या.

"नवीन दिसता," त्या म्हणाल्या. "स्कार्फची घडीसुद्धा मोडली नाहीये."

"हो, पहिल्यांदाच."

"आमची भाची खेळते. ती बघा, उंच वेणीवाली. मी तिची आत्या. तुमचं कोण आहे?"

"कोणी नाही. आपली नुसतीच आले."

"घ्या," म्हणून आत्यांनी चार फोडी माझ्या हातावर ठेवल्या. ज्यांचं वाटोळं करायला आपण आलोय त्यांचं संत्रं खाताना घशाखाली उतरत नाही. गोड होतं, ही आणखी पंचाईत.

मॅच सुरू झाली आणि पिवळ्यांनी आम्हाला अक्षरशः धुतलं. पहिला सेट गेला. दुसरा गेला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, ते नाहीतर आपोआप वर गेले असते. पर्समधला फोन थरथरला.

"वहिनी," नणंद ढोलाच्या आवाजावर ओरडत होती, "कॅप्टन म्हणतायत तू नीट बसत नाहीयेस!"

"नीट म्हणजे?"

"पिवळ्यांसाठी ओरड म्हणतायत! नुसतं बसून काम होत नाही, म्हणे, तुझ्या ओरडण्यातच खरी ताकद आहे!"

समोरच्या टोकाला कॅप्टन मला उद्देशून हातवारे करत होते. बस मागे घेणाऱ्याला लांबून खुणा कराव्यात तसे. मी प्रयत्न केला. खरंच केला. तोंड उघडलं, श्वास घेतला, पण पिवळं काही बाहेर पडेना. खोकला आला. आत्यांनी पाठीवर थोपटलं.

आणि मग, माझा काडीचाही हात नसताना, आमच्या मुली जाग्या झाल्या. तिसरा सेट त्यांनी घेतला. चौथा ओढून घेतला. पाचवा, निर्णायक सेट सुरू झाला. हा छोटा असतो, पंधरा पॉइंटचा, आणि याच्या मध्यावर संघ बाजू बदलतात. पिवळ्यांचे आठ झाले, शिट्टी वाजली आणि आमच्या मुली कोर्ट ओलांडून चालत चालत माझ्या पुढ्यात आल्या. इतक्या जवळ की घामाने पाठीला चिकटलेले निळे आकडे वाचता येत होते. मी स्कार्फ वर ओढून नाक झाकलं.

पिवळ्यांचे चौदा झाले, आमचे बारा. त्यांना एकच पॉइंट हवा होता. आत्यांनी माझा हात घट्ट धरला. मग आमच्या कॅप्टनीणबाईंनी एक स्मॅश असा मारला की तो थेट जमिनीवरच ऐकू आला. चौदा-तेरा. आता सर्व्हिस आमची होती.

प्रशिक्षकबाईंनी बदली केली. बाकावरून पिटुकली उठली.

पिटुकली आमच्या संघातली सगळ्यांत बुटकी. नेटजवळ तिचा उपयोग नसतो. तिला फक्त सर्व्हिस करायला आत घेतात. ती चेंडू घेऊन मागच्या रेषेबाहेर आली, म्हणजे माझ्यापासून दोन हातांवर. माझ्याकडे पाठ. आणि तिच्या पाठीमागे सगळी पिवळी गॅलरी उठून उभी राहिली. शिट्ट्या, पाय आपटणं, "चुकणार! चुकणार!" कानठळ्या बसतील असं. तिने चेंडू जमिनीवर आपटला, तो पायाला लागून घरंगळला. ती तो उचलायला त्याच्यामागे धावली.

आमचे सगळे लोक कोर्टाच्या पलीकडे. ढोल पलीकडे. तिच्या पाठीशी या एवढ्या मोठ्या भिंतीत निळं माणूस एकच होतं, आणि ते पिवळा स्कार्फ घालून नाक झाकून बसलं होतं.

पलीकडून कॅप्टनला माझं मन कळलं असावं. ते दोन्ही तळहात खाली दाबून दाखवत होते. बसा, बसा, बसा. मला समजत होतं. आता मी तोंड उघडलं आणि ती चुकली, तर आयुष्यभर मी पांढऱ्या पायाची. बसमध्ये नाही, हॉलमध्ये नाही, गावात कुठे मला जागा नाही.

मी उठले. स्कार्फ काढून खुर्चीवर टाकला आणि मासळीबाजारातल्या मांजरांनाही पळवून लावणाऱ्या माझ्या त्या आवाजात ओरडले:

"पिटुकले! आहे गं मी मागे! मार बिनधास्त!"

तिने गर्रकन वळून पाहिलं. एवढ्या पिवळ्यात आपलं टोपणनाव कुठून आलं ते तिला क्षणभर कळेना. मग मी दिसले. ती हसली नाही. नुसती मान हलवली, आपण ओळखीच्या दुकानात शिरताना हलवतो तशी, आणि तिने चेंडू उडवला.

चेंडू नेटवरून गेला आणि पिवळ्यांच्या दोघींच्या बरोबर मधे पडला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चौदा-चौदा!

"ओ बाई," आत्या म्हणाल्या, "तुम्ही नक्की कोणाच्या?"

"त्यांची!" मी म्हटलं. "पहिल्यापासून त्यांचीच! संत्र्याबद्दल माफ करा! पिटुकले, अजून एक!"

मागून कोणीतरी "खाली बसा" म्हणालं. मी बसले नाही. पुढचा पॉइंट संपता संपेना. चेंडू इकडे, तिकडे, एकदा तर आमची एक मुलगी जाहिरातीच्या फळीवर आदळून तो परत घेऊन आली. मी काय काय ओरडले मला आठवत नाही. नणंद नंतर म्हणाली की पलीकडे ढोल थांबला होता आणि माझं प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं, त्यातली काही अक्षरं वहिनींना शोभणारी नव्हती. शेवटी उंच वेणीवाली भाची हवेत उडाली, तिने मारला, आणि चेंडू बाहेर. आत्यांनी कपाळाला हात लावला. मी त्यांच्या खांद्याला. पंधरा-चौदा.

मग तिसरी सर्व्हिस. पलीकडून चेंडू कसाबसा परत आला, नेटवर उंच, आळसावल्यासारखा. आमच्या दोघी एकदम उडाल्या, चार हातांची भिंत झाली, आणि चेंडू पिवळ्यांच्या कोर्टात दाणकन पडला.

संपलं. जिंकलो. माझ्या डोळ्यांदेखत!

खाली मुलींचा ढीग झाला होता. पिटुकली सगळ्यांत खाली होती, फक्त बूट दिसत होते. मी उभी होते आणि रडत होते आणि चष्मा पुसायला हाताशी पिवळा स्कार्फच होता, तर त्यानेच पुसला. आत्यांनी संत्र्याची सालं पिशवीत भरली. मग म्हणाल्या, "तुमच्यासारखी एक आमच्याकडे असती तर..." आणि भाचीला जवळ घ्यायला खाली उतरल्या.

नणंद अख्खं स्टेडियम वळसा घालून धावत आली आणि माझ्या गळ्यातच पडली. तिच्यामागून धापा टाकत कॅप्टन.

"ताई! म्हटलं नव्हतं मी? काय उपाय लागू पडला! पुढच्या वर्षी सगळ्या मॅचेसना तुम्हाला त्यांच्याच गॅलरीत बसवायचं!"

"कॅप्टन," मी म्हटलं, "मी आपल्यासाठी ओरडत होते. तरी जिंकलो."

ड्रायव्हरला चुकीच्या रस्त्याला लागल्याचं कळतं, पण प्रवाशांसमोर कबूल करवत नाही, तसं तोंड झालं त्यांचं.

"पुढच्या वर्षी मी ढोलाला लागून बसणार," मी म्हटलं. "आणि बसमध्ये खिडकीची जागा. वन्सं, साक्षीदार आहेस."

"वजन करून देते," ती म्हणाली.

लोक पांगायला लागले होते. मी तशीच उभी होते. हरल्यावर काय करायचं ते मला पाठ होतं: पर्स उचलायची, कोणाच्या नजरेला नजर न देता बस गाठायची. हे मात्र नवीन होतं.

"आता काय करायचं असतं गं?" मी नणंदेला विचारलं.

"कशाचं काय?"

"जिंकल्यावर. माणसं काय करतात?"

तिने माझ्याकडे पाहिलं, हसावं की रडावं तिला कळेना. मग माझा हात धरला आणि ओढत पलीकडच्या टोकाला नेलं, पार कठड्यापर्यंत, जिथे आमचे लोक मुलींची नावं घेऊन घसा फोडत होते. मला बघून त्यांनी मधे जागा केली. मी पोट कठड्याला टेकवून पुढे वाकले आणि उरलासुरला आवाज लावला.