न्हाणीघरातल्या दांडीची कैफियत

त्या दुरुस्तीतून घरमालकाला चकचकीत न्हाणीघर मिळणार होतं, भाडेकरूंना न गळणारी भिंत, आणि मला रंगाचा एक हात. कुणाचं काही जाणार आहे, असं वरवर तरी दिसत नव्हतं. मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी दांडी आहे. लोहाराने मला तापवून दोन्ही टोकांना वाकवलं आणि गुडघ्यांनी दगा दिलेल्या आजीसाठी मला न्हाणीघराच्या भिंतीत पक्कं बसवलं. अंघोळ असो की लघवी, दर वेळी मला धरून ती उठायची आणि बाहेर सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "झालं गं माझं, कुणी यायला नको!" त्या वाक्यातला अर्धा तोरा माझा होता.

कामाच्या आदल्या दिवशी मुकादम आला. "धूळ उडेल, ठोकाठोक होईल, पाणी अधूनमधून बंद राहील. बाकी काळजी नको."

"आणि ही दांडी?" आजीने विचारलं.

तो मला धरून चक्क लोंबकळला. "ही? आजी, भिंत पडेल, पण ही नाही हलायची! हिला कोण हात लावतंय?" त्याने खडूने माझ्याभोवती गोल काढला. मी फुगले.

गोल असेल ते ठेवायचं, खूण नसेल ते काढायचं, ही त्या लोकांची रीत. कारागिरांना ती पाठ होती. भाडेकरूंना कुणी सांगितलीच नाही. आणि सुनेचा स्वभाव असा, की परकं माणूस येणार म्हटलं की आधी घर घासायला घेणार. "उद्या म्हणतील, किती घाणेरडी माणसं!" असं म्हणत तिने ओल्या फडक्याने ती भिंत लख्ख पुसली.

दुसऱ्या दिवशी घरची मंडळी शेजारी राहायला गेली आणि छिन्नी माझ्या मुळाशी लागली. मुकादम दारातच उभा होता. आता म्हणेल, थांब रे, म्हणून मी वाट पाहिली. तो फोनवर हसत राहिला.

नवी फरशी बसल्यावर आजी आत गेली. हात सवयीने भिंतीकडे गेला आणि घसरला. "अगं बाई, दांडी कुठाय?"

"खूण नव्हती," मुकादम म्हणाला.

"अहो, तुम्ही स्वतः शब्द दिला होता आईंना!" सून रडकुंडीला आली.

"दिवसभरात शंभर गोष्टी बोलतो मी, ताई. कारागीर खूण बघतो."

तिने मग घरमालकाला गाठलं. "दोनच भोकं पाडायचीत हो."

"नव्याकोऱ्या फरशीला? छे! तुम्ही काय, आज आहात, उद्या नाही."

आता मी गॅलरीत, राडारोड्याच्या गोणीला टेकून उभी आहे. मित्रांनो, तुमच्या घरी काम निघालं तर कारागिराच्या खुणांचा अर्थ आधी विचारून घ्या. जे राहायला हवं, त्याच्यापाशी पहिला घाव पडताना स्वतः उभे राहा. तोंडच्या शब्दावर विसंबू नका, मी विसंबले.

इथून स्वयंपाकघर दिसतं. मालकाचं काही गेलं नाही. मुकादम दुसऱ्या घरी गेला. सून हातातलं काम टाकून दर वेळी सासूला उठवायला धावते, आणि कपाळावर आठी येऊ देत नाही. आजी? जेवताना सुनेने पेला भरला की ती दोन घोट घेते, "तहानच नाही गं," म्हणते आणि उरलेलं पाणी बाजूला सारते.