खळीतली निळी चिमूट

मी एक जुनी, शेळीने अर्धी खाल्लेली कागदी पिशवी आहे. सातपूरच्या भिमाबाईंच्या घरात खिळ्याला टांगलेली असते. मित्रांनो, मी जन्माची भित्री. पाण्याचा थेंब दिसला तरी माझा जीव घाबरा होतो. पण मेथीच्या वासासकट शेळीच्या तोंडात गेले त्या सकाळची भीती वेगळीच होती.

आधी मी वर्तमानपत्र होते. भिमाबाईंनी मला कापले, दुमडले आणि खळीने चिकटवले. खळ पिठाची असते आणि झुरळांना ती भारी आवडते. रात्रीत कितीतरी पिशव्या कुरतडून जायच्या. वैतागून भिमाबाईंनी भावाच्या द्राक्षबागेतून मोरचूद आणला. बागेत तो फवारणीसाठी असतोच. "चिमूटभर टाकला तर कुठं काय होतंय?" असे म्हणत त्यांनी ती निळी पूड खळीत ढवळली. झुरळे पळाली. माझ्या अंगात मात्र विष बसले, आणि ते मी कोणाला सांगणार?

शेजारच्या मेहरुन्निसा भाजीची गाडी लावायच्या. प्लास्टिक सोडून त्या आम्हाला घेऊ लागल्या, तेव्हा भिमाबाईंना आभाळ ठेंगणे झाले. "अगं, शेळीनं खाल्ली तरी पचंल, अशी पिशवी हाय माझी," त्या छातीठोकपणे सांगायच्या. मेहरुन्निसांनी ते खरे मानले. फाटक्या, भिजक्या पिशव्या त्या आपल्या शेळीपुढे, राणीपुढे टाकू लागल्या. राणी गाभण होती.

आठ दिवस माझ्या बहिणी तिच्या पोटात गेल्या. नवव्या दिवशी माझी पाळी आली. ओल्या मेथीचा वास लागलेला माझा कोपरा तिने दातांत धरला. मित्रांनो, फाटण्याची भीती मला तेव्हा वाटलीच नाही. 'थुंक गं मला, थुंक!' असे ओरडावेसे वाटत होते. अर्धी मी आत गेले आणि राणी मटकन खाली बसली. तिच्या तोंडाला फेस आला.

"भिमाताई, लवकर या हो! माझ्या राणीला बघा ना काय झालं!" मेहरुन्निसा रडत होत्या.

जनावरांचे डॉक्टर आले. "काय खाल्लं हिनं?"

"मेथी. आणि ही कागदाची पिशवी. पण ती तर चांगली असते ना?"

भिमाबाई माझ्याकडे बघत उभ्या होत्या. बोलल्या तर मेहनतीने जोडलेली गिऱ्हाइके तुटणार होती. गप्प राहिल्या तर राणी जाणार होती. त्या गप्पच राहतील, या भीतीने मी गारठून गेले.

"डॉक्टर, खळीत मोरचूद हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "मीच घातला."

डॉक्टरांनी घाईने औषध पाजले. दुपार कलल्यावर राणी रवंथ करू लागली; पोटातले करडूही बचावले. मेहरुन्निसा मात्र कितीतरी दिवस भिमाबाईंशी बोलल्या नाहीत. भिमाबाईंनी दारोदार फिरून सगळ्या पिशव्या परत आणल्या आणि मला खिळ्याला टांगले.

आता खळ रोज ताजी शिजते, नुसत्या पिठाची. मित्रांनो, निसर्गाला जपणारी वस्तू जरूर वापरा. पण तिच्यात काय काय घातले आहे, हे आधी विचारा. आम्हाला सांगता येत नाही.

हल्ली झुरळे परत आली आहेत. नव्या पिशव्यांना ती बिनधास्त तोंड लावतात. माझ्या खिळ्यापर्यंत येतात, मिशा हलवतात आणि मागे फिरतात.